सगळ्या ऋतूंचं टायर

जालन्याला, मंठा चौफुलीवर
खुर्शीदमियाँच्या दुकानापुढं
पिवळी गाडी, पोट जमिनीला टेकलेलं.

"ऑल सीझन टायर आहेत, चाचा.
बर्फातसुद्धा चालतात."
"बर्फ रसवंतीत असतो, बेटा,"
म्हणत ते उकिडवे बसले.

रबरावरचे चार आकडे बोटानंच वाचले:
एकोणीस सालचा बाविसावा आठवडा.
"न पळताही म्हातारं होतं हे."

दोन रुपयाचं नाणं खाचेत घातलं,
पाव हिस्साही बुडेना.

"फक्त समृद्धीवर काढतो," पोरगं म्हणालं,
"तेही रात्री."

तेवढ्यात पेचकसाच्या टोकाला
काळ्या मातीचा ओला गोळा,
गोळ्यात सरकी,
मोड आलेली.

खुर्शीदमियाँनी वर पाहिलं नाही.
हवा भरली. बत्तीस.
सरकी तेवढी पंक्चरच्या टबाच्या काठावर
अलगद ठेवली.