सोडून गेलेलीचा नंबर

वर्धा रोडच्या काचेच्या ऑफिसात एसी एवढा गार
की ऐन मे महिन्यात मी ओढणी गुंडाळून बसले.
समोरचा पोरगा मला मॅडम म्हणत होता
आणि माझा भाव मला न विचारता ठरवत होता.
निम्मे तुमचे, निम्मे आमचे,
पासवर्ड आमच्याकडे, पैसे आमच्या खात्यात,
तुम्ही फक्त फोटो पाठवा. बाकी आम्ही बघतो.

अकरा वर्षं मी इतवारीत
ठोक साड्यांच्या दुकानात रोकडवही लिहिली.
शेठ म्हणायचे,
बाकी आम्ही बघतो म्हणणाऱ्याची
बाकी आधी बघायची.

मी विचारलं, रात्री दोन वाजता
माझ्या नावानं गिऱ्हाइकांशी कोण बोलणार?
तो हसला. दार उघडून दाखवलं, कौतुकानं.
पाच-सहा पोरं, हेडफोन, समोशाचे तेलकट कागद.
एकाच्या पडद्यावर कुणा बाईचं नाव,
आणि तो टाइप करत होता :
तुझ्याशिवाय झोप येत नाही रे.
मिसरूड नुकतंच फुटलेलं, काटोल-नरखेडकडचा असावा.
डोळे मिटत होते बिचाऱ्याचे.

ट्विंकल उकेनं अशाच दारात सही केली.
सुटायचं म्हणाली तेव्हा कुणी अडवलं नाही :
जा ना. खातं राहील, फोटो राहतील, तू जा.
आता ती मानकापूरला डबे पोचवते
आणि कुणीतरी अजून तिच्या तोंडानं बोलून राहिलंय.
"माया चेहरा कामावर हाय न वं," ती म्हणते,
"मीच तेवढी सुट्टीवर."
हसते. मग स्कुटीला किक मारत राहते,
पेट्रोल नसल्याचं माहीत असून.

वासेकरबाई सदरला बसतात,
बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या वर.
खडखडणारा कूलर, गेल्या साली न बदललेला वाळा,
कोपऱ्यात टेबलक्लॉथ पांघरलेली दोन टाइपरायटर.
माझे फोटो पाहून त्या छान म्हणाल्या नाहीत.
विचारलं, चेहरा दाखवता?
घरी कोणाला ठाऊक आहे?
उद्या काही बाहेर फुटलं, तर पहिला फोन कोणाला करायचा?

मी पाणी मागितलं.
आई विचारते तेव्हा मी ऑनलाइन काम सांगते,
ते खोटं नाही.
पण पहिला फोन कोणाला,
हे चौतीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

पंचवीस टक्के, त्या म्हणाल्या. मी बावीसवर आणले.
पैसे आधी माझ्या खात्यात, मग त्यांचं बिल.
पासवर्ड माझ्याच उशाशी.
गिऱ्हाइकाशी बोलायचं तर मी बोलायचं,
नाहीतर नाही बोलायचं.
करार दीड पानाचा, मराठीत,
आणि सुटायचं कलम सगळ्यात वर.

तरी मी म्हटलं, तुम्हाला सोडून गेलेल्या
एखाद्या बाईचा नंबर द्या.

हेच वर्धा रोडला विचारलं होतं.
आम्हाला कुणी सोडतच नाही, तो म्हणाला होता.
रंग जात नाही म्हणून शपथ घेणाऱ्यानं
लुगडं धुतलेलंच नसतं, हे इतवारीत पोरालाही कळतं.

वासेकरबाईंनी विजेच्या बिलामागे दहा आकडे लिहिले.
ही मला शिव्या देईल.
नऊनंतर करा, तिचा मुलगा झोपतो.

नंदनवनच्या गच्चीवर, पाणी मारूनही तापलेल्या फरशीवर
चपला घालूनच उभी राहिले आणि फोन लावला.
वासेकर? ती म्हणाली, महाखडूस बाई.
सणाला सुद्धा गोड बोलत नाही.
हिशोब?
हिशोब पैशाला पैसा.
आणि फोटो? तुम्ही सोडल्यावर?

तिकडं पंखा फिरत असल्याचा आवाज.
काढले, ती म्हणाली. सगळे.
दोन वर्षं रोज शोधून पाहते,
मी कुठंच नाही.

आवाज जरा उतरला होता, किंवा रेंज गेली होती.
करार टेबलावर आहे, पेन त्याच्यावर.
ते शेवटचं वाक्य जमेला धरू की नावे टाकू,
वही उघडून बसले आहे.