खिडकी क्रमांक तीन

बावीस वर्षं झाली या खिडकीत.
काचेला अर्धगोल भोक आहे, त्यातून हात तेवढे दिसतात.
चेहरा बघायचा तर वाकावं लागतं.
मी सहसा वाकत नाही.

मंगळवारी दोन फॉर्म एकाच टाचणीत टोचून आले:
ओंकार सुतार, मुक्काम कसबा बावडा.
प्रणोती सुतार, मुक्काम निपाणी.
मामेभाऊ, आतेबहीण.
आर्किटेक्चर, पहिलं वर्ष.
मार्क तिचे अकरानं जास्त.

माझ्या मागं भिंतीवर दरपत्रक आहे, लॅमिनेट केलेलं:
महाराष्ट्र राज्य, चौऱ्याऐंशी हजार.
इतर राज्य, दोन लाख दहा.
ओंकारची पावती फाडली.
मग म्हटलं, बाळ, सीमाभागाला वेगळा रकाना असतो,
दाखला आणलास तर तुलाही हाच दर.
गेलतो की मॅडम, तीनदा.
तिथले साहेब म्हणतात, असला फॉर्मच आमच्यात नाही.
मुदत शुक्रवारपर्यंत होती.

म्हणजे असं:
पहाटे घरातून निघालेली पोरगी
कोगनोळीपर्यंत तिकडच्या गाडीत फुकट,
तिथून पुढं इकडच्या एस्टीत अर्धं तिकीट,
आणि माझ्या खिडकीत अडीचपट.
चाळीस किलोमीटर, एकच पोरगी.

चौकात सभा असली की स्पीकर इथवर ऐकू येतो.
पलीकडचे सगळे आमचेच, असं म्हणतात.
टाळ्याही ऐकू येतात.
सभेत आमचे.
खिडकीत इतर.

तिची आई मागं उभी होती, पिशवी पोटाशी धरून.
मी हितलीच ओ, म्हणाली,
बावड्याच्या शाळेत सातवी झाली माझी,
ह्यो ओंकार माझ्या मांडीवर वाढलाय.
फॉर्मवर आईचं नाव विचारतात.
आईचं गाव विचारत नाहीत.

मी काही बोलले नाही.
माझं माहेर सौंदलगा.
ती अक्षता पडल्या आणि तिकडं गेली,
मी अक्षता पडल्या आणि इकडं आले.
दोघींनाही कुणी सांगितलं नव्हतं
की पोरांची फी त्याच दिवशी ठरते.
माझा संदेश चार वर्षांमागं इथंच शिकला.
पहिल्या रकान्यात.
तेव्हा मी दरपत्रकाकडं वळूनसुद्धा बघितलं नव्हतं.

पहिला हप्ता भरतो, म्हणाल्या.
पिशवीतून नोटा निघाल्या, दोरा गुंडाळलेल्या,
विडीच्या कट्ट्याला गुंडाळतात तोच लाल दोरा.
हजार विड्यांना दोनशे.
मी हिशेबातली बाई, मन नको म्हटलं तरी मांडणी करतं:
फरक एक लाख सव्वीस हजार,
म्हणजे सहाशेतीस दिवस,
रोज हजार पानं कातरायची, भरायची, वळायची,
तेव्हा कुठं ही पोरगी
आपल्या मामाच्या पोराशेजारी बाकावर बसणार.
तेही एका वर्षासाठी.
अशी पाच वर्षं.
पुढची मांडणी केली नाही.

नोटा मोजायच्या मशीनमध्ये घातल्या.
अर्ध्यावर मशीन अडकलं.
उघडून बघितलं तर तंबाखूचा चुरा, चिमूटभर.
मला सटासट शिंका आल्या,
माझ्या आईच्या ओच्याला यायचा तोच वास,
आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा
नाक पुसता पुसता मी भोकाशी वाकले.

पोरगी रडत नव्हती.
खिडकीची चौकट बघत होती, बोटानं मापत.
मॅडम, ही खिडकी फार खाली बसवलीय, म्हणाली,
म्हाताऱ्या माणसांची कंबर मोडत असंल.
ओंकार हसला. आईनं तिला चिमटा काढला.

मी मशीनचं बटण बंद केलं.
अंगठा स्पंजवर भिजवला
आणि हातानं मोजायला लागले,
सावकाश.
रांगेतून कुणीतरी ओरडलं, आवरा की वहिनी.