घड्याळाला किती भूक असते

रिओनीच्या पुलापासून तिसरं दुकान माझं.
खिळे, बल्ब, उंदरांचे पिंजरे,
आणि गल्ल्याजवळ सेलचे दोन डबे.
एकात स्वस्तातले, निळे, हाताला हलके,
चाळीस तेत्रीला एक.
दुसऱ्यात पुठ्ठ्यावर चिकटवलेले, सोनेरी गळपट्टीचे,
चौपट दामाचे.

गिऱ्हाईक सोनेरीकडे बोट दाखवतं.
मी आधी विचारते, घालणार कशात?
रिमोटमध्ये.
अहो, रिमोट खातो काय?
दिवसातून दहादा चिमणीसारखी चोच मारतो,
त्याला पंगत कशाला वाढायची?
विजेरी असेल, नातवाची पळती मोटार असेल,
तर न्या महागातले, ती घटाघटा पिणारी मंडळी.
भिंतीवरचं घड्याळ मात्र बारमाही उपाशी,
सेकंदाला एक घोट,
तोही ओठ ओला करण्यापुरता.

झाझा आतून ओरडतो,
अशीच शिकवत बस लोकांना,
म्हणजे उपास आपल्यालाही घडेल.
त्याचंही खरं आहे.

पण मी एकोणीस वर्षांची असताना
कुताइसीत वीज नसायची.
बाबा रेडिओचे सेल काढून
लाकडाच्या चुलीच्या काठावर शेकत ठेवायचे,
बातम्यांपुरता जीव यावा म्हणून.
शेकूनही भागेनासं झालं की दातांनी चावायचे.
त्यातला एक अजून माझ्या खणात आहे,
पत्र्यावर दोन दाढा उमटलेल्या.
सेलच्या तळाशी काय उरतं
आणि त्याची किंमत काय,
हे मला कुणी पुठ्ठ्यावर छापून सांगू नये.

इपोलिते आजोबा मोटार कारखान्यात फोरमन होते,
कारखाना गेला, टोपी राहिली.
त्यांनी विचारलं, स्वस्तातला किती चालेल घड्याळात?
अकरा महिने. नशीब असेल तर वर्ष.
आणि तो सोनेरी?
अडीच वर्षं तरी.
त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं,
मधेच एक बोट मिटलं.
म्हणाले, निळाच दे.
जी वर्षं माझी नाहीत
त्यांचे पैसे मी का भरू?
झाझा खिळे तोलत होता,
तराजू तसाच हातात राहिला.

पुढच्या नोव्हेंबरात आले,
जुना सेल गल्ल्यावर आपटला, तक्रार नोंदवावी तसा.
बंद पडला.
पडणारच, मी म्हटलं होतं.
मी नाही पडलो, म्हणाले,
आणि चाळीस तेत्री मोजून ठेवल्या,
जरा चिडूनच.

त्याच्या पुढच्या वर्षी पिशवीभर बेदाणा द्राक्षं घेऊन.
त्याच्या पुढच्या वर्षी काठी घेऊन.
मुलगी ग्रीसमधून फोनवर सांगते म्हणे,
बाबा, एकदाच चांगला घाला,
स्टुलावर चढायचं वाचेल.
मग मी तरी स्टुलावर कधी चढू,
त्यांचा प्रश्न.
मी स्वस्त सेलची बाजू इतकी वर्षं मांडतेय,
हा मुद्दा मला सुचला नव्हता.

यंदा नोव्हेंबर गेला.
डिसेंबरचा पहिला आठवडाही.
दार वाजलं की मी मान वर करते,
कुणीतरी पिंजरा मागतं, कुणी बल्ब.

काल शेजारची पोर आली, एकेत्रीने,
मुठीत ऐंशी तेत्री, घामाने ओलसर.
आजोबांनी दोन मागितलेत.
दोन? घड्याळात एकच लागतो.
माहीत नाही, म्हणाली.
एक घालायला, एक ठेवायला, असं म्हणाले.

निळे सेल ठेवून टिकत नाहीत.
खणात पडल्या पडल्या ओसरतात,
कधी गळतात, खण खराब करतात.
दुकानदार म्हणून हे सांगायला हवं होतं.
मी डब्यात खालपर्यंत हात घातला,
तारखा वाचून सगळ्यांत ताजे दोन काढले,
कागदात गुंडाळले.
म्हटलं, पळ. आणि हे बघ,
स्टूल धरून उभी राहा त्यांचं.