दुसऱ्या पानावरची सही

थँक्सगिव्हिंगनंतरचा मंगळवार.
मिलवॉकीच्या सरोवरावरचा वारा दार लोटून येत नाही,
बिजागरीतून येतो.
माझ्या टेबलावर टिश्यूचा डबा, कॅलेंडर
आणि निळ्या शाईची तीन पेनं.
काळी सही झेरॉक्ससारखी दिसते, विमानतळावर शंका घेतात.
हे मला कुणी शिकवलं नाही.
एक पोरगी अडकली, तेव्हा कळलं.

चिकोंडी न्यिरेंडा बसत नाही, कोट काढत नाही.
आय-ट्वेंटीचे कागद समोर ठेवतो
दुसऱ्याचं झोपलेलं मूल ठेवावं तसे.
"प्रवासाची सही हवी."
मी पासपोर्ट उघडते. व्हिसा मार्चमध्येच संपलाय.

मग दिवसातून चारदा सांगते ते सांगते:
व्हिसा म्हणजे दाराची कडी.
आत आलास की कडीचं काम संपलं,
शिकतोयस तोवर राहा, कुणी उठवणार नाही.
पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस
तर पुन्हा कडी वाजवावी लागेल, लिलाँग्वेला,
आणि आतून कोण उघडेल, कधी उघडेल,
उघडेल का,
ते मला ठाऊक नसतं.

"तू माझ्या जागी असतीस तर?"

या प्रश्नाला उत्तर देऊ नये, हे आम्हाला प्रशिक्षणात
एक अख्खी दुपार शिकवतात.
कायदा सांगा. वकिलाचा नंबर द्या.
जा म्हणू नका. जाऊ नको, असंही म्हणू नका.

मुलगी दोन वर्षांची. थोकोझानी.
तो इकडे आला तेव्हा पोटात होती.
बायकोचा अर्ज दोनदा फेटाळला,
दोन्ही वेळा त्याच छापील परिच्छेदाने.
"ती फोनला आदादा म्हणते," तो म्हणाला.
"फोनवर मला नाही. फोनला.
बंद असला तरी उशाशी घेऊन झोपते."

मी खिडकीबाहेर बघितलं.
बघण्यासारखं काही नव्हतं. पार्किंग.

माझ्या आईची जन्मतारीख एक जानेवारी.
मावशीचीही. मामाचीही. शेजारच्या श्याँगकाकांचीही.
डोंगरात भात कापत होते तेव्हा जन्मली,
हे थायलंडच्या छावणीतल्या कारकुनाच्या
चौकोनात मावेना,
तो एक-एक लिहून मोकळा झाला.
त्या दिवशी आम्ही सगळ्यांत मिळून एक केक कापतो.
आई दरवर्षी म्हणते, हा माझा वाढदिवस नव्हेच,
आणि मोठा तुकडा घेते.

हे मी चिकोंडीला सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर तो सल्ला झाला असता.

दुसरं पान उलटलं. सही केली: काओ नू वांग.
तारीख घातली.
शाईवर फुंकर मारली, जी नियमात नाही.
"वर्षभर चालेल ही," म्हटलं. "आणि तुझे मासे?"
तळमजल्यावर अकरा टाक्या,
त्याच्या सरोवरातले, या सरोवराला न झेपणारे.
"लिंडक्विस्ट घालेल खाणं.
फक्त शनिवारी तो नसतो."

आता फेब्रुवारी. काठाशी बर्फाच्या लाद्या
एकमेकींवर चढून करकरतात.
मुलाखत झाली, सात मिनिटांची.
पुढील तपासणी सुरू आहे, असं पोर्टल म्हणतं,
रोज, त्याच निळ्या पट्टीत.
मी विभागाला पत्र लिहिते, डीनला लिहिते,
त्याच्या फाइलवर "प्रलंबित" लिहिते
आणि त्या शब्दाखाली उगाच रेघ ओढते.

काल त्याचा फोटो आला. आंब्याखाली खुर्ची,
मुलगी त्याच्यापासून हातभर लांब, फोन छातीशी धरून.
खाली लिहिलंय:
मला अजून "तो माणूस" म्हणते.
फोन घेऊन येते, बोट दाखवून मला समजावते,
आदादा यात आहे, हळू बोल.

शनिवारी मी तळमजल्यावर जाते.
एक चिमूट. दीड नाही, त्याने बजावलंय.
झाकण उचललं की अकराच्या अकरा टाक्यांतले
निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे
धावत काचेशी येतात.
मीच तो आहे असं समजतात.