चार टेबलं

माझं अक्षर बरं आहे, एवढ्यावरून
खानापुरात दरवर्षी छंद-प्रदर्शनाची कार्डं
माझ्याकडे येतात.
काळी शाई, फूटपट्टी, आणि नाव दोनदा:
एकदा मराठीत, एकदा कन्नडात.
वर कुठलं, खाली कुठलं,
ते पाहुणा कोण येणार यावर ठरतं.
(दोनदा बदललं तर तिसऱ्यांदा मी पैसे मागते.)

टेबलं चार.
उपयोगी वस्तू. शोभेच्या वस्तू. मूर्ती. खेळणी.
चार रंगांच्या चार चादरी,
आणि मधे चालायला जागा.

भरमाण्णा चोपडे, रेल्वे फाटकावरचा,
सिमेंटच्या पोत्यात गवत घालून घेऊन आला.
माती कौलांच्या कारखान्यामागची,
वेळ दोन गाड्यांमधला.
गवत बाजूला केलं तर
पोट घागरीचं, मान बगळ्याची,
कान म्हशीचा, एकच.
पाणी ओतलं की ते आधी खोकायचं,
मग कानातून थोडं, तोंडातून थोडं.
"माझा बा असाच खोकूचा,"
तो म्हणाला, आणि परत ओतलं.
पोरं जमली.
एक म्हातारी पदर तोंडाला लावून हसत राहिली.

"ह्येला कुठं बसवूचं?" समितीचे हुक्केरी सर.
पाणी धरतं, म्हणजे उपयोगी.
धरतंय कुठं, सांडतंय की.
तोंड आहे, म्हणजे मूर्ती. मग देव कुठला?
खेळणं म्हणावं तर जड,
पोराच्या पायावर पडलं म्हणजे?
बेळगावहून आलेल्या बाईंनी घड्याळ बघितलं.
"शोभेची," त्या म्हणाल्या.
आणि मी लिहिलं.
शोभेचा 'भ' मला छान जमतो.

शोभेच्या वस्तूत पाणी ओतायचं नसतं,
चादर भिजते.
चार दिवस ते कोरडं उभं राहिलं,
मान वर करून,
औषध नको म्हणणाऱ्या आजाऱ्यासारखं.
लोक आले, आधी कार्ड वाचलं,
मग त्याच्याकडे तेवढंच पाहिलं
जेवढं कार्डात होतं.
दुसरा नंबर.

पुढच्या साली त्याने फुलदाणी आणली.
मान सरळ, भोक नाही, वर वॉर्निश.
"शोभेचीच न्हवं ही?" त्याने मला विचारलं,
जणू मला माहीत असणार.
पहिला नंबर.
त्याच्या पुढच्या साली महिनाभर आधीच येऊन उभा,
औंदा कुठल्या टेबलाला माणसं कमी हाईत?
मग दोन वर्षं आलाच नाही.

उरलेल्या कोऱ्या कार्डांचं मी काय करते
हे मी कुणाला सांगत नाही.
कन्नडाचं गोल पोट घेते,
वर मराठीची शिरोरेघ टाकते,
मग शेपूट वाढवत नेते, वाढवत नेते,
वाचता येणार नाही इथपर्यंत.
डब्यात अडीचशे झाली.
झाकण लागत नाही आता.

परवा फाटक पडलं होतं.
लोंढ्याची गाडी लेट,
स्कूटर बंद करून बसले.
खोलीच्या पायरीवर तो, कोपरापर्यंत माती.
मला पाहिलं आणि हातात होतं त्यावर
लाल बावटा टाकला.
"काय चाललंय, भरमाण्णा?"
"काय बी न्हाई की."
काय बी न्हाईला शिंगं होती,
बावट्याखालून कळत होती.
पर्समध्ये पेन होतं. मी पर्स मागे सरकवली.
"पाणी प्या," तो म्हणाला,
आणि आतून तेच घेऊन आला, कान तुटका.
ते खोकलं.
माझी बाही भिजली, त्याचा सदरा भिजला.
दुसऱ्यांदा मीच ओतलं.

शिट्टी झाली.
तो हिरवा बावटा घेऊन पळाला.
डबे गेले एकामागून एक.
हिरव्यावर पाच तांबडी बोटं उठली होती,
गार्डानं ती कशात धरली, कोण जाणे.