होनगेकर बाईंची पाटी

बाई रिटायर झाल्या त्या दिवशी
विभागानं शाल दिली, नारळ दिला,
आणि मानपत्रात 'संघर्ष व्यवस्थापन'च्या जागी
छापून आलं 'संसर्ग व्यवस्थापन'.
बाई म्हणाल्या, असू दे भरमू, फार चुकलेलं नाही.

त्यांच्या फायली मी बांधल्या. अकरा खोकी.
सायप्रसमधली एक रेघ, बेलफास्टमधली एक भिंत,
कुठल्याशा बेटावरच्या तहाच्या बैठकीत
खुर्च्या कशा मांडल्या होत्या
त्याचा पेन्सिलनं काढलेला नकाशा.
टिळकवाडीतल्या घरावरची पाटी
कुठल्याच खोक्यात मावली नाही.

पाटी दोन लिप्यांत. वर कोण, खाली कोण
हे निघणारच, म्हणून बाईंनी नाव
शेजारी शेजारी लिहवून घेतलं होतं.
मग निघालं, डावीकडं कोण.

एका नोव्हेंबरात डाव्या अर्ध्यावर डांबर.
दोन वर्षांनी उजव्या.
बाई बाहेर आल्या, चष्मा पुसला,
वहीत तारीख टाकली.
"लिहून ठेव. दोन्ही पक्षांचं
पहिल्यांदाच एका मुद्द्यावर एकमत."

खानापुराकडच्या कणेरवाडीत
त्यांना एकदा बोलावणं आलं.
एक आवार, दोन शाळा, एक घंटा:
चिंचेला टांगलेला रुळाचा तुकडा.
तो आधी कुणाच्या शाळेचा, ह्यावर
पोलिसात तीन तक्रारी.
बाईंनी तिसरी खुर्ची मागवली,
चार तास दोन्ही भाषांत ऐकत बसल्या.
चहावर साय धरली.
शेवटी दाराशी उभा असलेला
शिपाई इराप्पा म्हणाला,
"अक्का, वीस वरसं मीच वाजवूलालोय.
पोरास्नी त्यात एकच ऐकू येतं.
सुट्टी."

अहवालात बाईंनी तेवढंच लिहिलं.
वरून शेरा आला: शिफारस स्पष्ट नाही.

पुढच्या महिन्यात रूळ चोरीला गेला.
भंगारात गेला म्हणतात, किलोच्या भावानं,
कोणत्या भाषेत घासाघीस झाली ठाऊक नाही.
तेव्हापासून इराप्पा आवाराच्या मधोमध उभा राहून
नुसता "होऽऽऽ" ओरडतो.
त्यावर अजून कुणाची हरकत नाही.
बाईंच्या तेहतीस वर्षांतला
टिकलेला हा एकच तोडगा,
आणि तो त्यांचा नव्हे.
हे त्या स्वतःच सांगतात, हसून,
मग बराच वेळ काही बोलत नाहीत.

काल मी थिनरची बाटली घेऊन गेलो.
स्टुलावर चढलो. बाई व्हरांड्यात,
मांडीवर निवडायची मेथी.
"काय करूलालास?"
पाटी पुसतोय, म्हटलं.
मान वर न करता त्यांनी विचारलं,
"सुरुवात कुठल्या बाजूनं?"

रस्त्यावरून एक रिक्षा गेली.
समोरच्या गॅलरीतला माणूस कठड्याशी आला.
फडकं हातात, मी तसाच,
थिनर मनगटावरून
कोपराकडं ओघळत.