कुरुंतोट्टीला वात

आमच्याकडे म्हण आहे.
शेवटचा आधारच खचला की म्हातारी माणसं
तोंडातलं पान गालात सरकवून विचारतात:
कुरुंतोट्टीलाच वात झाला, तर?

कुरुंतोट्टी म्हणजे चिकणा. बांधावरचं साधं झुडूप.
उपटताना तळहात सोलतात, मूळ सुटत नाही.
आणि तेच मूळ उकळून, तेलात मुरवून
वाताला उतारा.

मी शोरनूरच्या वैद्यशाळेत पेज शिजवतो.
एकवीस वर्षं. पहाटे चारला चूल.
साठ दिवसांत येणारा लाल तांदूळ, मेथी, अहाळीव,
नारळाचं दूध अगदी शेवटी, नाहीतर फाटतं.
खोली तशी तपेली:
सातमध्ये पित्त, तिथे मिरी नाही.
नऊच्या बाईंना कफ, रडून दही मागतात, द्यायचं नाही.
अकरामधला कोइंबतूरचा मोटारपंपवाला
रात्री दोनला उठून दिव्याची बटणं मोजतो,
त्याला तूप, गरम पाणी, आणि जरा बोलणं.
वैद्यर फळ्यावर खडूने लिहून जातात.
बोलणं ते लिहीत नाहीत. ते मी घालतो.

तेलाच्या खोलीत विलासिनी.
सात ते दोन, सहा पाठी.
पाल्याची पोटली तव्यावर शेकायची, आधी स्वतःच्या मनगटाला लावायची,
मग दुसऱ्याच्या कमरेला.
लोक वाकून येतात, सरळ होऊन स्टेशनाकडे चालत जातात.
गच्चीवर त्यांचं वृक्षासन चालतं,
बारा माणसं एका पायावर, समोर नदी.
खाली नळाशी ती, कमरेवर बादली,
दुसऱ्या हातात निखाऱ्यांची शेगडी, पायऱ्या ओल्या.
तोल दोन्हीकडे चाललेला असतो.
वरच्याला नाव आहे.

कर्किडकात एकदा जेवताना
तिने लोणच्याची बरणी माझ्यापुढे सरकवली.
'झाकण घट्ट बसलंय.'
बसलं नव्हतं.
मी उगाच जोर लावल्यासारखं केलं.

वैद्यरांनी तिची नाडी पाहिली, बराच वेळ.
आंबट बंद, जागरण बंद,
गार पाण्यात हात नको,
एकवीस दिवस विश्रांती.
'ही शेवटची पुडी,' ती म्हणाली,
'आपल्या औषधाच्या खोलीत कुठल्या फळीवर असते?'
वैद्यर चष्मा पुसत राहिले.
चांगला माणूस. पगाराची वही मात्र त्यांच्या भावाकडे.

त्या रात्री वीज गेली होती.
एका रोग्याचे चौदा दिवस भरले होते,
त्याच्या धारेचं तेल सकाळी ओतून द्यायचं होतं.
मी ते कोमट केलं. म्हटलं, हात दे.
तीस वर्षं दुसऱ्यांच्या पाठीवर फिरलेले हात
तिला पुढे करता येईनात,
उपडे ठेवू की उताणे, कळेना.

'घाई करतोयस,' ती म्हणाली.
'पेज ढवळतोस तसं कर.
पेरांवर गोल. हाडावर सरळ. अंगठा मोडशील, बावळटा.'
बोटांचे सांधे मुळाच्या गाठींसारखे.
मी ढवळत राहिलो,
तळाला लागू न देता.
मध्येच ती गप्प झाली.
अकरामध्ये कोणी बटण दाबलं,
वीज नव्हती, तरी दोनदा.

सकाळी फळ्यावर, खोली नऊच्या खाली,
मी माझ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं:
तेलाची खोली. तूप. गरम. चिंच नाही.
वैद्यर आले, वाचलं,
ओल्या फडक्याने बाकीचं पुसलं
आणि तेवढी ओळ तशीच ठेवली.

तेव्हापासून तपेली एक जास्त चढते.
बरं वाटतं का, मी विचारत नाही.
ती चाखते, बोटं वाटीला धरून शेकत बसते,
म्हणते, मीठ कमी पडलंय.
मीठ बरोबर असतं.
मी बरणी उघडून तिच्यापुढे ठेवतो,
झाकण नुसतं टेकवलेलं.